शुभाचा पर्च आणि माझा कॅमेरा

मंडळी, आज कॉव्हेंट्रीजवळच्या तळ्यावर माझी पार जिरली.

टेक्ससला असताना मी बास मासा पकडायला शिकलो. गळाला रबरी अळी लावायची आणि रीळ भराभर गुंडाळायचं. इथे इंग्लंडमध्ये तीन वर्षं तेच करतोय, हाती फक्त शेवाळ लागतं.

आज चहा ओतायला रॉड बायकोकडे, शुभाकडे दिला. ती रीळ फिरवायचंच विसरली. अळी तळाशी पडून राहिली आणि भलामोठा पर्च मासा लागला!

"अहो, थंडीत मासेसुद्धा सुस्तावतात. तुम्ही अळी पळवता कशाला?"

तळ्यावरच्या मासेमारी क्लबच्या नियमाप्रमाणे मासा परत सोडायचा, म्हणून तिने आधी फोटो काढायला सांगितलं. मी म्हणालो, रोल संपलाय.

रोलमध्ये अकरा फोटो बाकी आहेत. खरं सांगा, तुम्ही काढला असता?