ऑइलच्या बोल्टचे आटे

"तिला काय इचारायलाव, ती बोलत न्हाई," वस्ताद अप्पांना म्हणाले.

मी तेव्हा मोटारसायकलखाली पाठीवर पडले होते. त्यांना माझे फक्त पाय दिसत होते. ज्याचे नुसते पाय दिसतात त्याला ऐकू येत नाही, असा वस्तादांचा समज असावा.

"बोलती की," अप्पा म्हणाले. "फोनवर बोलती. विंग्रजीत."

दोघं हसले. अप्पा म्हणजे माझे वडील. वस्ताद आमच्या दुकानाशेजारी लेथ चालवायचे, आणि त्यांना एवढंच विचारायचं होतं की इंजिनाच्या खालच्या भोकाचं माप किती भरतंय. माप मी घेतलं होतं. ते पेनानं तळहातावर लिहिलं आणि हात गाडीखालून बाहेर काढला. अप्पांनी हात धरून वाचला. "बघा, बोलली," ते म्हणाले.

रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या वर्षीचा हा उन्हाळा. मी नांदेडहून, विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून सुट्टीला घरी आले होते. मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही मोजक्या मुली होतो आणि तिथंही मी फार बोलत नसे. शाळा इंग्रजी माध्यमाची झालेली. त्यामुळं मराठीत बोलताना माझं वाक्य पुस्तकातलं निघायचं आणि दुकानातले लोक गालात हसायचे. म्हणून मी ऐकायचं काम घेतलं होतं. ते मला चांगलं जमायचं.

अप्पांचं काम बोअरच्या मोटारी बसवायचं आणि काढायचं. त्या उन्हाळ्यात त्यांना जेवायला फुरसत नव्हती. निलंग्याकडून, देवणीकडून फोन यायचे: पाणी खाली गेलं, अजून पाइप सोडा. खोल बोअरमध्ये एक जोड जरी ढिला राहिला, तरी मोटार पाइपासकट खाली जाते आणि परत येत नाही. म्हणून अप्पांच्या हाताला एकच गोष्ट माहीत होती, आवळणं. पाना पुरला नाही तर पान्याच्या दांड्यात पाइपाचा तुकडा घालायचा आणि दोघांनी लोंबकळायचं.

याच हातानं त्यांनी गाडीचं ऑइल बदललं होतं.

गाडी त्यांच्या तरुणपणची. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला, आणि बंद पडताना एकदा खाकरणारी. तिच्या इंजिनाच्या पोटाला एक मोठा बोल्ट असतो, तो काढला की जुनं ऑइल खाली येतं. बोल्ट लोखंडी आणि तो ज्यात बसतो ते ऑइलचं चेंबर अॅल्युमिनियमचं. अप्पांनी तो पाइप लावून आवळला. बोल्ट आधी घट्ट झाला, मग एकदम लोण्यासारखा फिरला. काढून बघितला तर चेंबरचे आटे चांदीच्या तारेसारखे बोल्टाला गुंडाळून बाहेर आले होते. त्यावर अप्पांनी दुसरा इलाज केला, तोही बोअरचाच. आट्यांना सफेदा लावला, सुतळी गुंडाळली आणि बोल्ट परत ठोकून बसवला. थंड पाण्याच्या पाइपाला हे चालतं. इंजिन तापल्यावर सुतळीचा भुगा झाला आणि गाडीनं घरापासून मार्केट यार्डापर्यंत काळी रेघ ओढली.

तेव्हापासून ती दुकानात कोपऱ्यात, खाली पत्र्याचा ट्रे घेऊन उभी होती.

तिथंच ती उदगीरच्या एका शेठना दिसली. ते शेतातल्या मोटारीचं सामान न्यायला आले होते. गाडीभोवती दोनदा फिरले, टाकीवर हात फिरवला, ट्रेकडं बघून चुकचुकले.

"देऊन टाका मला. नुसती हुबी ऱ्हाऊन गंजायली."

अप्पांनी खांदे उडवले. "गळती हाय. दुरुस्त झाली तर पुढच्या आठवड्यात येऊन बघा. पसंत पडली तर न्या."

मी काउंटरमागं नट-बोल्ट वेगळे करत बसले होते. माझा हात थांबला. अप्पांना माहीत नव्हतं, आणि मी सांगितलंही नव्हतं, की ती गाडी मला नांदेडला न्यायची होती. बारावीच्या सुट्टीत त्यांनीच मला ती शिकवली होती, मार्केट यार्डात. त्या वर्षीही पाऊस झाला नव्हता, आवक नव्हती, आडतींसमोरचं सगळं मैदान मोकळं. त्यांच्या लेखी ती गंमत होती. मी मात्र कॉलेजात बसून, वर्गाच्या खिडकीतून रस्ता बघत, ती गाडी मनातल्या मनात अनेकदा लातूर ते नांदेड चालवली होती. कंधारच्या अलीकडं चहा प्यायला कुठं थांबायचं, हेसुद्धा ठरलेलं होतं.

मी हिशेब केला तो असा: गाडी गळते म्हणून जाते आहे, गळती थांबली तर अप्पा तिला जाऊ देणार नाहीत. आता मागं बघताना या हिशेबातली चूक सरळ दिसते. तेव्हा दिसली नाही. पण गाडी दुरुस्त करता येईल, याबद्दल मला जराही शंका नव्हती.

मापं घेतल्यावर दुकानात चर्चा झाली, म्हणजे ते दोघं बोलले. अप्पा म्हणाले वेल्डिंग करू. वस्ताद म्हणाले, "येडे झालाव का? ह्या चेंबरनं इतकी वर्षं तेल पिलंय. आग लावली की फुगंल, भेगाळंल." मग ते म्हणाले, भोक मोठं करू, मोठा बोल्ट घालू. मी नाही म्हणून मान हलवली. भोकाच्या एका बाजूला धातूची भिंत पातळ होती; भोक एकदाच मोठं करता आलं असतं, मोठ्या बोल्टानं परत आटे गेले तर दुसऱ्यांदा नाही. मी तिथं बोट ठेवलं, त्यांनी स्वतःचं बोट ठेवून बघितलं आणि "हाव" म्हणाले.

मग मी कागदावर काढून दाखवलं: पितळेचा बुश. एक आखूड नळी, तिला बाहेरून आटे आणि आतूनही आटे. बाहेरचे चेंबरमध्ये कायमचे बसतील, आतले जुन्या बोल्टाचे. म्हणजे यापुढं झीज झाली तर ती पितळेची होईल, चेंबरला काही होणार नाही. वस्तादांनी चित्र उलटंसुलटं करून बघितलं.

"ह्याला खाली कॉलर ठेव," ते म्हणाले. "पातळ. न्हाईतर एखाद्या दिवशी आत सरकून जाईल."

हे मला सुचलं नव्हतं. मी चित्रात नळीच्या खालच्या टोकाला कॉलरची कड काढली. आटे इंचाचे की मिलिमीटरचे, त्यांनी विचारलं. मी एक बोट उभं केलं, म्हणजे इंच. जुन्या गाडीचे आटे इंचाच्या मापाचे असतात. आताचा मिलिमीटरचा बोल्ट त्यात सुरुवातीला बसल्यासारखा वाटतो आणि मग आडवा जातो. वस्तादांनी त्यांच्या डब्यातून भोकात आटे पाडायचा इंचाचा टॅप काढून माझ्या हातात दिला. "वाकडा गेला तर परत भोक मिळत न्हाई बरं का, बाय."

वाकडा जाऊ नये हीच खरी अडचण होती. गाडी जमिनीवर उभी असताना खालून हात वर करून टॅप सरळ धरता येत नाही. आडवी पाडली तर अॅल्युमिनियमचा कीस इंजिनात पडतो, आणि तो चुंबकालाही लागत नाही. मी गाडीकडं बघत उभी होते तेव्हा अप्पांनी त्यांची तीन पायांची लोखंडी घोडी आणली. बोअरमधून पाइप उपसायची ती. तिला साखळीची पुली लावली, गाडीच्या चासीला दोन पट्टे बांधले आणि साखळी ओढायला सुरुवात केली. मोटारसायकल हळूहळू वर गेली, चाकं हवेत लोंबकळायला लागली. रस्त्यानं जाणारा टँकरवाला ब्रेक मारून थांबला.

"अप्पा, गाडी कुठल्या बोअरमधून काढली हो?"

"तुझ्या," अप्पा म्हणाले. "पाणी न्हाई म्हणून हीच लागली."

मी पाण्याची रिकामी बादली पालथी घालून खाली बसले. आता भोक माझ्या डोळ्यांसमोर होतं. टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं म्हणजे कीस त्यात चिकटून राहतो. थोडं रॉकेल लावलं. दोन बाजूंनी काटकोनाचा गुण्या लावून टॅप सरळ आहे का बघितलं, अर्धा फेरा पुढं, थोडा मागं, परत बाहेर काढून पुसायचा, परत ग्रीस. अॅल्युमिनियम मऊ असतं, घाई केली तर ते कापलं जात नाही, फाटतं. हाताला ते कळतं. कापलं जात असताना एक बारीक, सारखी करकर येते. ती बदलली की थांबायचं.

अप्पा शेजारी साखळी धरून उभे होते, जणू मी बोअरमध्ये उतरले होते. मधे एकदा म्हणाले, "जरा जोर लाव." मी लावला नाही. त्यांनी परत सांगितलं नाही.

वस्तादांनी दुपारी बुश आणून दिला. अजून लेथची ऊब होती त्याला. बाहेरच्या आट्यांना आटे पक्के धरणारं लाल औषध लावून मी तो हातानंच फिरवत नेला. कॉलर चेंबरला टेकली तेव्हा कुठंही फट नव्हती. वस्ताद वाकून बघत होते. त्यांनी नख फिरवलं आणि नुसतं "मस्त" म्हणाले. औषध वाळेपर्यंत गाडी तशीच लटकत ठेवली. हात धुवायला पाणी वापरायचं नाही असा घरात नियम होता, म्हणून आम्ही तिघांनी रॉकेल आणि लाकडाच्या भुशानं हात चोळले, आणि तसाच वास घेऊन जेवलो.

दुसऱ्या दिवशी थोड्या ऑइलनं इंजिन आतून धुतलं, तांब्याचा नवा वायसर घातला आणि बोल्ट आखूड पान्यानं, एका हातानं आवळला. ऑइल भरलं. अप्पांनी किक मारली. गाडी खाकरली, मग धरली. मी खाली कोरा कागद ठेवला होता. इंजिन चांगलं तापलं, सायलेन्सरला हात लावता येईना, तरी कागद कोराच राहिला. अप्पांनी तो उचलून उन्हात धरला, दोन्ही बाजूंनी बघितला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. मला वाटलं, झालं. गाडी राहिली.

शेठ आले ते सांगितल्याप्रमाणं, पुढच्याच आठवड्यात. या वेळी पांढरा शर्ट, कपाळाला भस्म, बरोबर एक ड्रायव्हर. त्यांनी गाडीखाली बघितलं. ट्रे नव्हता. त्यांनी खडूसारखी पांढरी फरशी बोटानं पुसून बघितली.

"वेल्डिंग न्हाई?"

"न्हाई," वस्ताद अभिमानानं म्हणाले. "पितळंचा बुश. आमच्या लेथवरचा."

"मग तर लईच चांगलं झालं. आता नेतोच." शेठ खुर्चीत बसले. "खरं सांगू का, आमचा उदगीर जिल्हा होणार हाय. औंदा न्हाई तर पुढल्या साली. ज्या दिवशी होईल त्या दिवशी मिरवणुकीच्या म्होरं ही गाडी पाहिजे, फुगे लावून. तशी बोलीच झालीय आमच्यात."

"जिल्हा झाल्यावर पाणी येतंय का नळाला?" अप्पांनी विचारलं.

"पाणी न्हाई, कलेक्टर येतो."

सगळे हसले. मीही हसले असते, पण मला माझा हिशेब आता पूर्ण दिसला होता. गळत होती तेव्हा शेठसुद्धा ट्रेकडं बघून चुकचुकून रिकाम्या हातानं परत गेले होते. मी ती नीट केली आणि ती न्यायला माणूस दारात उभा राहिला. आणि अप्पांनी शब्द दिला होता. लोक त्यांच्याकडं बोअर सोपवतात ते त्या शब्दावर. ड्रायव्हर गाडीजवळ गेला, स्टँड काढायला वाकला. अप्पांनी खिशातून किल्ली काढली, आणि मग ती हातात धरून, का कोण जाणे, माझ्याकडं बघितलं.

माझी वाक्यं नेहमी आधी इंग्रजीत तयार व्हायची आणि मग मराठीत यायची, तोवर बोलायची वेळ निघून जायची. या वेळी तसं झालं नाही.

"शेठ, अप्पांनी शब्द दिला तेव्हा त्यांना माहीत नव्हतं, मी सांगितलं नव्हतं," मी म्हणाले. "गाडी विकायची नाही. सोमवारी मी ती नांदेडला नेणार आहे. तुमचा जिल्हा झाला की फोन करा, मिरवणुकीत मी घेऊन येते. पुढं मीच बसणार, आणि फुगे टाकीला बांधायचे नाहीत, रंग जातो."