पासपोर्ट नसलेला फॉरवर्ड

आमच्या फुटबॉल लीगमध्ये नवीन पोरं निवडायची एक रीत आहे. मागच्या हंगामात तळाला राहिलेला संघ सगळ्यांत आधी निवडतो, जिंकलेला सगळ्यांत शेवटी. खेळाडूंना मॅचमागे पैसे मिळतात, म्हणून आम्ही स्वतःला व्यावसायिक म्हणवतो. कुणाला हसायचं तर हसू दे. मी शाळेत पीटी शिकवतो आणि दिघी बंदराच्या बाजूच्या आमच्या गावाच्या संघाचा कोच आहे. आम्ही तळाला होतो, तेव्हा पहिली पाळी आमची.

या पाळीचं करायचं काय, यावरून कमिटीत नुसता कल्ला. मुरूडकडच्या एका संघानं अदलाबदल सुचवली होती: पहिली पाळी आम्हाला द्या, आमच्या पुढच्या दोन पाळ्या घ्या आणि वर एक कसलेला डिफेंडर न्या. मला ते पटलं होतं. आमच्या गोलकीपरचे गुडघे गेलेले, कप्तान जहाजावर नोकरीला जायच्या बेतात. ही दोघं आहेत तोवर, म्हणजे याच वर्षी, कप हाताला लागण्यासारखा होता. कोवळ्या पोराला घेऊन घडवत बसायला वेळ कुठे होता?

पण आमच्याकडे खेळाडूची किंमत भलत्याच गोष्टीवर ठरते. डाव्या पायानं मारतो का, हे नंतर. आधी विचारतात, पासपोर्ट काढलाय का? काढला असेल तर भाव पडला, कारण ऐन हंगामात व्हिसा आला की पोरगा आखातात. त्या वर्षीच्या पोरांत जो सगळ्यांत चपळ फॉरवर्ड होता, त्याच्याकडे नेमका पासपोर्ट नव्हता. बाप मासेमारीच्या बोटीवर खलाशी, घरातलं कुणी कधी विमानात बसलेलं नाही.

संघाचे बूट आणि जर्सी आमच्याच गावचे, पण कुवेतला नोकरी करणारे चाचा पाठवतात, त्यामुळे त्यांच्यापुढे कुणाचं चालत नाही. त्यांचा व्हॉइस मेसेज आला, "मास्तर, त्यालाच घ्या. पासपोर्टच न्हाय त्याच्याकडं, जानार कुठं?" मी दोनदा अदलाबदलीचं काढलं. तिसऱ्यांदा कुणी मान वर करून बघितलंही नाही. पोराला घेतलं.

आणि तो सोन्यासारखा निघाला, हे मला दात-ओठ खात कबूल करावं लागलं. बॉल त्याच्या पायाला चिकटून यायचा. आम्ही जिंकायला लागलो, सेमीफायनलला पोचलो. त्याच्या प्रत्येक गोलचा व्हिडिओ कमिटीवाले कौतुकानं चाचांना पाठवत होते. चाचांनी ते आपल्या कंपनीच्या साहेबाला दाखवले. कंपनीची स्वतःची टीम होती. साहेबानं पोराला बोलावणंच धाडलं: दिवसा स्टोअरमध्ये नोकरी, संध्याकाळी फुटबॉल. पासपोर्टही चाचांनीच घाईनं काढून दिला.

मी फोनवर भडकलोच. "अहो चाचा, तुम्हीच म्हणालात ना, त्यालाच घ्या?"

"व्हय, मीच म्हनलो," ते हळूच म्हणाले. "पन इतका चांगला पोरगा तिथं कुजवायचा? मास्तर, तुमचा असता तर ठेवला असता?"

मी फोन ठेवला आणि उगाच बायकोवर चिडलो.

सेमीफायनलच्या आदल्या सकाळी तो निघाला. कमिटीनं मला जेटीवर पिटाळलं: तो तुमचंच ऐकेल, निदान दोन मॅच थांबवा. खाडीपलीकडे आगरदांड्याला जाणारी फेरीबोट लागली होती. त्याची आई बहिणीला घेऊन जरा लांब उभी होती. मला बघताच तो धावत आला.

"सर, तुमी फक्त नको म्हना, मी न्हाय जात. अम्मीला मी सांगतो."

हेच तर ऐकायला आलो होतो मी. गोलकीपरचे पट्टी बांधलेले गुडघे डोळ्यांसमोर आले. तोंड उघडलं. पण त्याला थांबवून मी देणार काय होतो? एक सेमीफायनल, जमलीच तर फायनल, आणि मग बापाची बोट. "जा" म्हणायलाही जीभ वळेना, कारण मला तो हवा होता, फार हवा होता. बोटीवरच्या माणसानं दोर सोडायला घेतला. पोरगा अजून माझ्या तोंडाकडे बघत उभा. त्याची आईही बघत होती.

मी त्याची बॅग उचलली आणि बोटीवर नेऊन ठेवली.