पिवळ्या रंगाखालचा चो

कुठल्याही शेतात पाऊल टाकण्याआधी ते जोडे काढायचे. बांधावर जोडी नीट लावून ठेवायची, पायजमा दोन बोटं वर खोचायचा आणि म्हणायचं, "चल पुत्तर, ज़मीन दफ़्तर में नहीं दिखती." मला आधी वाटलं, म्हातारा देवभोळा आहे. तसं काही नव्हतं. जमिनीतली ओल तळव्याला आधी कळते, एवढंच त्यांचं म्हणणं. मी आपला बूट घालून त्यांच्या मागे मागे.

हे आमचे पटवारीजी. पटवारी म्हणजे आपल्याकडचे तलाठी. नोकरीतून निवृत्त झाले होते आणि सेक्टर १७ मधल्या आमच्या छोट्याशा कंपनीने त्यांना गावं दाखवायला घेतलं होतं. चंदीगडभोवतीच्या गावांचा आराखडा करायचं काम आमच्याकडे होतं. शेती कुठे राहील, झाडी कुठे, घरं कुठे बांधता येतील, हे नकाशावर रंगांनी दाखवायचं. मी मूळचा सिन्नरचा, संगणकावर नकाशे करणारा. गाव मी पाहिलेलं होतं, पण जमीन पाहायला त्यांनी शिकवलं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "मराठा? और इतना पतला?" त्यांनी आजवर पाहिलेले मराठे म्हणजे चंडीमंदिर छावणीतले फौजी, तेव्हा मी त्यांच्या हिशेबी नापासच. मग काय, प्रत्येक गावात कुणाच्या तरी ओसरीवर बसवून मला हातभर ग्लासातून लस्सी पाजायचे. 'बस जी' म्हटलं की उत्तर ठरलेलं, "ये तो चखी है, अब पी." एकदा मी आईने पाठवलेली शेंगदाण्याची चटणी नेली. पराठ्याला लावून खाल्ली, डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण तिखट लागलं म्हणतील तर शपथ! त्यानंतर गाडीत बसता बसता पहिला प्रश्न असायचा, "माताजी की चटनी आई?"

गावाचा जुना नकाशा कापडावर काढलेला असतो. तो उलगडून ते एकेक नोंद वाचून दाखवायचे. एक नोंद गावोगाव यायची, 'गैरमुमकिन चो'. चो म्हणजे शिवालिकच्या टेकड्यांतून उतरणारा ओढा. वर्षातले बरेच महिने तिथे नुसती वाळू, पोरं क्रिकेट खेळतात. गैरमुमकिन म्हणजे जिथे पीक घेणं शक्य नाही अशी जागा. अशाच एका कोरड्या चोच्या काठी त्यांनी मला कुंपणाच्या तारेत अडकलेलं वाळकं गवत दाखवलं. ते माझ्या छातीइतक्या उंचीवर होतं. "पानी यहाँ तक आता है जी," म्हणाले. मी मान डोलावली. मला कळलं होतं हो सगळं, म्हणून तर जास्त लागतं.

शेवटच्या गावाच्या वेळी त्यांचे गुडघे धरले. "मैं अकेला देख आता हूँ," मी म्हटलं आणि गेलो नाही. बाहेर ऊन मरणाचं, ऑफिसात एसी. त्या गावाचा कापडी नकाशा आकसलेला होता, उपग्रहाच्या चित्रावर बसेना. बसवायला दोन दिवस मोडले असते. चित्र उन्हाळ्यातलं. पांढरी वाळू दिसली, तिला मी पडीक जमीन म्हटलं, आणि पडीक म्हणून ती पुढे घरांच्या पिवळ्या रंगात गेली. फोनवर त्यांना सांगितलं, "सब देख लिया जी."

मसुदा पंचायतीच्या भिंतीवर लागला, तेव्हा ते काठी टेकत तो पाहायला आले. बोट फिरवता फिरवता थांबलं. "पुत्तर, चो कहाँ गया?"

"छूट गया जी," मी म्हटलं. ते मात्र रागावले नाहीत. हरकती घ्यायला मुदत होती. "ग़लती सबसे होती है. तू अंग्रेज़ी में कागज़ बना दे, मैं दस्तख़त कर दूँगा. लोग घर बना लेंगे, पुत्तर, फिर पानी किधर जाएगा?"

"पक्का," मी म्हणालो.

पण कागद लिहायचा म्हणजे साहेबांपुढे कबूल करायचं की मी गावात न जाताच रंग भरला. नेमकं तेव्हाच टीम लीडरच्या जागेसाठी माझं नाव चाललं होतं. आज लिहितो, उद्या लिहितो करत राहिलो. त्यांचा फोन यायचा, "कागज़ हो गया?" मी म्हणायचो, "हो रहा है जी." लाज कशी वाटली नाही मला!

मुदतीच्या शेवटच्या दिवशी ते बस बदलून, तसल्या गुडघ्यांनी दोन जिने चढून ऑफिसात आले. सही करायला. मी मीटिंगमध्ये आहे असा निरोप पाठवला आणि पँट्रीत चहा घेत उभा राहिलो. काचेतून त्यांच्या पगडीचा शेंडा दिसत होता. पाच वाजेपर्यंत बसले. मग शिपायाला रामराम करून गेले.

पंधरा दिवसांनी साहेबांनी हरकतींचा गठ्ठा माझ्याच टेबलावर टाकला. प्रत्येकीपुढे शेरा टाइप करायचा होता. त्यात एक हाताने लिहिलेला पंजाबी कागद होता. मला गुरुमुखी वाचता येत नाही, पण अक्षर ओळखीचं होतं. वर पोस्टाचा शिक्का, मुदत उलटल्यानंतरचा. मी शेरा लिहिला, 'मुदतीनंतर प्राप्त, विचारात घेता येत नाही.' आराखडा मंजूर झाला. त्या पिवळ्यावर आता प्लॉटचे खुंट ठोकलेत.

थंडीत एकदा धीर करून त्यांच्या गावी गेलो, माफी मागायला. अंगणात बाज उभी करून ठेवलेली. सुनेने सांगितलं, बापूजी जाऊन महिना झाला. मी चटणीचा डबा तिच्या हातात दिला आणि परतलो.

दुसऱ्या दिवशी फाइलमधून तो कागद काढला आणि शेजारच्या टेबलावरच्या पंजाबी मुलीला वाचायला दिला. ती हिंदीत सांगत गेली. चो कुठून कुठे वाहतो, पाणी कुठवर चढतं, सगळं तपशीलवार होतं. शेवटी थांबून म्हणाली, खाली त्यांनी अजून काहीतरी लिहिलंय: नकाशा करणाऱ्या मुलाला दोष देऊ नये. तो मेहनती आहे, उन्हातान्हात एकटा जाऊन आला. मी सोबत गेलो नाही, ही चूक माझी आहे.

कागद परत देत तिने विचारलं, "कौन लड़का?"

मी म्हटलं, "पता नहीं."