काखेत स्प्रिंग, घाटाला वळसा

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं झाली आहेत. रेडिएटरच्या दुकानात ताई उलट्या क्रेटवर बसून एका गाडीच्या नाकाखाली बघत आहेत. गाडी अडतीस वर्षांची, स्पोर्ट्स कार, दोनच माणसांची. मूळची लाल, आता जागोजागी वेगवेगळी लाल. पुढची चाकं उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवली आहेत. स्टिअरिंगमागे ताईंचा धाकटा भाऊ आहे. त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर आणि डोळे ताईंच्या उजव्या हातावर. हात वर गेला की रेस द्यायची, खाली आला की सोडायची.

हात तिसऱ्यांदा वर जातो आणि वरच राहतो. इंजिन ओरडायला लागतं. रेडिएटरमध्ये निवलेलं पाणी इंजिनाकडे परत नेणारा खालचा निळा होज पाइप मधोमध आत ओढला जातो. स्ट्रॉने दाट सरबत ओढताना पोरांचे गाल आत जावेत, तसा. रेस सोडली की पाइप पुन्हा गोल. जसं काही झालंच नाही.

"बंद कर," ताई म्हणतात. "सापडला."

"कोण?"

"चोर. आता माल शोधायचा."

गाडी सलूनवाल्यांची. एका एकट्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची दाढी करायला ते वर्षानुवर्षं त्याच्या घरी जात. म्हाताऱ्याने जाण्याआधी गाडी त्यांच्या नावावर केली. तेव्हापासून सलूनवाले दर रविवारी बायकोला शेजारी बसवून घाट चढायला निघतात आणि दर रविवारी घाटात गाडी तापते. मग वाफ, मग कठड्यावर बसणं, मग बाटलीतलं पाणी. त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, तिसऱ्या वळणाचा कठडा आता घरच्या सोफ्यापेक्षा ओळखीचा झाला आहे. त्या रुग्णालयात एक्स-रे काढतात. कमी बोलतात आणि एकदा बोलल्या की बदलत नाहीत. गेल्या रविवारी कठड्यावरच त्यांनी सांगून टाकलं: गाडी विकायची. गिऱ्हाईकही त्यांनीच शोधलं. ते उद्या सकाळी दहाला येणार आहे. सलूनवाल्यांच्या हातात आजचा दिवस आहे, म्हणजे खरं तर ताईंच्या हातात.

ताईंचं वय चोपन्न. दुकान वडिलांचं. वडिलांनी मुलाला शिकवायला घेतलं आणि शिकली मुलगी, असं या दुकानाचं झालं. मागे सिमेंटची टाकी आहे. रेडिएटरची तोंडं रबरी बुचांनी बंद करायची, आत हवा भरायची आणि तो टाकीत बुडवायचा. बुडबुडे जिथून येतील तिथे गळती. भाऊ बुडबुडे बघता बघता हवा भरायचा पंप सोपा कसा करता येईल याचा विचार करत बसे. मुलगी बुडबुडेच बघे. सुईच्या टोकाएवढं भोक असेल तर ते ओळीने येतात, मण्यांसारखे. सांधा सुटला असेल तर घोळक्याने. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. एक दिवस तिनेच वडिलांना सांगितलं. वडिलांनी हातातला चहा खाली ठेवला आणि मुलाला म्हणाले, "ऊठ, तिला बसू दे."

भाऊ उठला तो कायमचाच. त्याबद्दल त्याने आजवर तक्रार केलेली नाही. त्याला सगळे खटपट्या म्हणतात. दुकानातली कुठलीही वस्तू त्याच्या हातून मरत नाही, फक्त तिचा पुनर्जन्म होतो. दाराची मूठ हा एकेकाळी गिअरचा दांडा होता, घड्याळाची तबकडी म्हणजे कुठल्याशा ट्रकची हबकॅप. बहिणीला ते आवडतं. टाकाऊ काही नसतंच, असं दोघांचं मत. फरक एवढाच की ताई वस्तू तिच्या जागी परत लावतात आणि भाऊ दुसऱ्या जागी.

नवीन गिऱ्हाईक अजूनही दारात घोटाळतं.

"मिस्त्री आहेत का?"

"आहेत."

"जरा बोलवा ना."

"बोलतेय की."

ताईंचा सगळा हात रेडिएटरच्या पितळी टाकीवर आणि तांब्याच्या जाळीवर बसलेला. तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने त्या इतका बारीक डाग देतात, की गळती कुठे होती ते बोट फिरवूनही कळू नये. सलूनवाल्यांच्या गाडीचा जुना पितळी रेडिएटर त्यांनी दोनदा उघडून नळ्या साफ केल्या होत्या. तिसऱ्यांदा उघडला तेव्हा निम्म्या नळ्या क्षाराने दगड झालेल्या. तेव्हा त्यांनीच सुचवलं, की आता ॲल्युमिनियमचा मोठा रेडिएटर बसवू आणि रबरी होज काढून सिलिकॉनचे घालू. ॲल्युमिनियमला त्यांचा डाग लागत नाही. उद्या तो फुटला तर त्यांच्या हातात काही नाही. "गाडीला काय हवंय ते बघायचं," त्या म्हणाल्या. "मला काय येतं ते गाडीला काय करायचंय?"

नवा रेडिएटर जुन्यापेक्षा दोन बोटं जाड निघाला. इंजिनावरचा पंखा त्याला घासू लागला, म्हणून तो काढून पुढच्या बाजूने विजेचा पंखा बसवला. लोखंडाला ॲल्युमिनियम घासून झिजू नये म्हणून चारी कोपऱ्यांना रबराच्या गाद्या कापून घातल्या. शनिवारी गाडी दुकानात तासभर चालू ठेवली. तापमानाचा काटा निम्म्याच्या खाली. सलूनवाले त्या काट्याकडे नातवाकडे बघावं तसे बघत होते. रविवारी तिसऱ्या वळणावर तोच काटा लाल पट्ट्यात गेला.

उभी असताना थंड, धावताना गरम. इथेच ताईंना शंका आली होती. म्हणून आज सकाळी सूर्य वर यायच्या आत ही हात वर-हात खाली कवायत. वेगात इंजिनाचा पाण्याचा पंप जोरात ओढतो, पाइप चपटा होतो, पाणी अडतं. आता प्रश्न असा, की मूळचा पाइप अडतीस वर्षं का नाही चपटला?

"जुना खालचा पाइप फेकलास?"

"मी कधी काही फेकतो का?" भावाने कोपऱ्यातून पाइप आणून दिला.

ताईंनी तो उभा चिरला आणि उलगडून उजेडात धरला. आतल्या बाजूला गंजाच्या गोल रेघा होत्या, एकाखाली एक, सारख्या अंतरावर.

"याच्या पोटात स्प्रिंग होती."

"होती," भाऊ म्हणाला.

"मग?"

भावाची नजर कामाच्या टेबलाकडे गेली आणि तिथेच अडकली. टेबलावर सोल्डरिंग आयर्न आपल्या नव्या स्टँडमध्ये ठेवलेलं होतं. स्टँड म्हणजे फळीला ठोकलेली एक गुटगुटीत स्प्रिंग. गेल्या आठवड्यात ताईंनी त्याचं तोंडभरून कौतुक केलं होतं, आणि तेव्हापासून दिवसातून शंभरदा त्या तापलेलं आयर्न त्या स्प्रिंगमध्ये खुपसत होत्या.

"मला वाटलं, जुना पाइप मऊ पडलाय म्हणून कुणीतरी टेकू दिलाय. नवा तर चांगला जाडजूड."

"सिलिकॉन तापलं की लेचंपेचं होतं."

"हे मला काय माहीत?"

"तुला नव्हतं माहीत. पाइप मी चढवला. आधी जुन्याच्या पोटात डोकावायला हवं होतं मी." मग त्या स्टँडकडे बघून म्हणाल्या, "निम्मी कापलीस ना?"

"आयर्नच्या मापाने."

"शाब्बास."

सलूनवाले आठ वाजता आले, खिशातला कंगवा खिशातच ठेवून. ताईंनी पहिलं वाक्य बोलून टाकलं: चूक दुकानाची. मग स्टँड दाखवला. सलूनवाले वाकून बराच वेळ स्प्रिंगकडे बघत राहिले.

"म्हणजे आमचा संसार घाटात उकळत होता, आणि ही इथे आयर्न सांभाळत होती?"

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," खटपट्या पुटपुटला.

"तू तर बोलूच नकोस," सलूनवाले म्हणाले. मग ताईंना म्हणाले, "पाइपच खराब निघाला असं म्हणाला असतात, तरी मला काय कळणार होतं?"

"तुम्हाला नसतं कळलं. पण मग मी पाइप बदलला असता आणि तुम्ही परत कठड्यावर."

नवी स्प्रिंग बाजारात मिळण्यातली नव्हती. शेजारच्या लेथवाल्याकडे ताई न गंजणारी पोलादी तार घेऊन गेल्या. तार गोल रुळावर गुंडाळायची आणि सोडायची. सोडली की ती फुगते. म्हणून रूळ पाइपाच्या मापाचा घेऊन चालत नाही, बारीक घ्यावा लागतो. किती बारीक, ते तारेवर अवलंबून. लेथवाल्याने दिलेला पहिला रूळ त्यांनी परत केला, दुसराही केला. तिसऱ्यावर गुंडाळलेली स्प्रिंग पाइपात सरकवली, तर ती आत फिरेना आणि पाइपही फुगेना. दोन्ही टोकं त्यांनी आत वळवून कानशीने घासली; टोकदार राहिली असती तर पाइपाला आतूनच भोक पडलं असतं. मग पाणी भरून, रेडिएटरचं तोंड उघडं ठेवून, नाक उचललेल्या गाडीच्या पाण्यातली सगळी हवा निघून जाईपर्यंत थांबल्या. शेवटचा बुडबुडा आला. त्यानंतरही त्या थोडं थांबल्या. भावाने पुन्हा रेस दिली. पाइप गोलच राहिला.

वहिनी ड्युटी संपवून चारला आल्या. खांद्याला पर्स, पायात कामावरचे पांढरे बूट. गाडीत बसायला माणसं तिघं, जागा दोन.

"मी चालवतो, तू बस," सलूनवाले म्हणाले.

"तुम्ही नाही. काटा लाल झाला तरी तुम्हाला तो गुलाबी दिसतो. ताई, तुम्ही चालवा. मी बघते."

"आणि मी?"

"तुम्ही इथेच, या क्रेटवर बसा. हाच कठडा समजा आणि बघा, कसं वाटतं ते."

गाडी निघाली. गावातल्या सिग्नलना काटा निम्म्यापाशी. घाटाच्या पायथ्याशी ताईंनी गिअर खाली घेतला आणि पाय दाबला. वहिनींनी चष्मा लावला. पहिलं वळण. दुसरं. काटा निम्म्याच्या वर एक रेघ गेला.

"सरकला," वहिनी म्हणाल्या.

"सरकणारच. चढ आहे. थांबतो का ते बघा."

तिसरं वळण आलं. कठडा मागे पडताना दोघींपैकी एकीनेही तिकडे पाहिलं नाही. काटा तिथेच होता. घाटमाथ्यापर्यंत तो तिथेच राहिला. वर सपाटीला लागल्यावर एक रेघ खाली आला. ताईंनी गाडी बाजूला घेतली.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"एका फिल्मवर निदान करत नाहीत," वहिनी म्हणाल्या. "परत चढवायची." जरा थांबून त्या म्हणाल्या, "क्लच फार जड आहे का हो?"

खाली येईपर्यंत ताई चालवत होत्या. पायथ्याशी दोघींनी जागा बदलल्या. वहिनींनी पहिल्या वळणावर गाडी बंद पाडली, दुसऱ्यावर गिअर किंचाळला, तिसऱ्यावर एका ट्रकला ओव्हरटेक केलं. काटा ताई बघत होत्या. तो काय म्हणतोय, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

दुकानात परतल्या तेव्हा सलूनवाले क्रेटवर नव्हते. खटपट्या क्रेटवर बसला होता, गळ्यात फडकं, आणि सलूनवाले त्याचे केस कापत होते. हात रिकामे ठेवून थांबणं त्यांना जमलं नव्हतं. एक बाजू जरा जास्तच बारीक झाली होती.

"काय झालं?" कात्री हवेतच.

वहिनींनी किल्ली पर्समध्ये टाकली. "उद्या दहाला येणाऱ्या माणसाला फोन करा. म्हणावं, गाडी विकायची नाही."

"खरंच?"

"मला कामावर जायला लागेल ती."

"आणि मी?"

"तुमचं सलून घराखालीच तर आहे. जिना उतरा."

ताई तोवर गाडीखाली हात घालून पाइपाच्या टोकाच्या क्लिपा चाचपत होत्या. सिलिकॉन एकदा पूर्ण तापून निवलं की दबतं आणि क्लिपा सैल पडतात. त्या गरम असताना आवळून उपयोग नाही. वहिनींना त्यांनी तेवढंच सांगितलं. टेबलावरचा स्टँड होता तिथेच ठेवला आहे. कापलेली स्प्रिंग आता दुसऱ्या कशाच्याही कामाची नाही, आणि आयर्न तिच्यात चांगलं बसतं.

वहिनींची ड्युटी उद्या नऊला सुरू होते. त्याआधी साडेसात वाजता, इंजिन थंड असताना, गाडी दुकानात येईल आणि ताई वरच्या व खालच्या होजच्या चारही क्लिपा पुन्हा आवळतील.