तळ्याखालची बांधी आणि रसमड्याचा भट्टा

हे मी मोबाईलमध्ये बोलते आणि मोबाईल लिहून घेतो. तो काय लिहितो यावर माझा काडीचा विश्वास नाही, म्हणून प्रत्येक ओळ चष्मा लावून दोनदा वाचते. माझा स्वभाव ज्यांना ठाऊक आहे ते हसतील. हसू द्या. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, पोरांच्या खिशात चिंचा आहेत की उत्तरं, हे मी चालण्यावरून ओळखत असे.

मागच्या पोस्टखाली कुणीतरी विचारलं होतं, गोंदियाहून भिलाई पाहायला जायचं तर कसं जावं. जावं रेल्वेने, सकाळी. पण मी तुम्हाला माझा पहिला प्रवास सांगते. तेव्हा भिलाईचा कारखाना बांधला जात होता, मी नुकती मॅट्रिक होऊन पुढच्या परीक्षेची तयारी करत होते, आणि पाहायला म्हणून मी गेलेच नव्हते. मी आईवर पहारा ठेवायला गेले होते.

झालं असं की नामदेवदादाचं पत्र आलं. दादा माझा थोरला भाऊ. दोन वर्षांपूर्वी भिलाईला मजुरीला गेला आणि बघता बघता रसमड्याला स्वतःचा विटांचा भट्टा टाकून बसला. आईला वाचता येत नसे, पत्र मीच वाचलं. दादाने लिहिलं होतं, सगळं चांगलं आहे, क्वार्टरांसाठी विटांना फार मागणी आहे, दुसरा भट्टा टाकायचा आहे, तरी तळ्याखालची बांधी विकावी आणि कागदावर अंगठा द्यायला आईने इकडेच यावं.

बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं शेत. वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. त्या बांधीत आईने स्वतः नांगर धरला, लोक हसले तरी धरला. आम्ही खाल्लं ते तिथलं, मी शिकले ती तिथल्या धानावर. ती विकायची? दादाच्या त्या पत्रात ‘सगळं चांगलं आहे’ हे तीनदा लिहिलेलं होतं. तीनदा! मला तिथेच कळलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

“आई, द्यायचा नाही अंगठा,” मी म्हटलं.

“पाहून त येऊ,” ती म्हणाली. “सगळं चांगलं असतं त पोरगा पत्र कशाले लिहिते?”

गोंदियाहून सकाळची पॅसेंजर धरली. सोबत तांदळाच्या भाकरी आणि अंबाडीची चटणी. आजही तुम्ही पॅसेंजरनेच जा. तिकीट स्वस्त, आणि सालेकसा सोडल्यावर जंगल लागतं, बोगदा लागतो, डोंगरगडच्या टेकडीवरचं देऊळ दिसतं, ते एक्स्प्रेसमध्ये झोपून दिसत नाही. तेव्हा डबा नुसता गच्च भरला होता. तेलुगू, बंगाली, पंजाबी, सगळे भिलाईला निघालेले. साकोलीकडचा एक माणूस आईला सांगत होता, “मावशे, तिथं फावडं धरता आलं म्हणजे झालं. रशियन साहेब नाव नाही इचारत.” मी आमचं गाठोडं मांडीखाली ओढून घेतलं. जो माणूस विचारल्याशिवाय चांगलं सांगतो, त्याच्यापासून सामान जपावं.

दुर्गच्या आधी रसमडा स्टेशन येतं. गाडी थांबली. रुळापासून थोड्या अंतरावर धूर निघत होता, लाल विटांचे थर रचलेले दिसत होते. आई खिडकीतून वाकली.

“हाच काय वं नाम्याचा भट्टा?”

“असेल.”

“मंग त्यानं आपल्याले दुर्गले कावून उतरायले सांगतलं?”

माझ्याही मनात तेच आलं होतं. शिवनाथचा पूल ओलांडून दुर्ग आलं, आणि फलाटावर दादा नव्या टेरिलीनच्या सदऱ्यात, हाताला घड्याळ बांधून उभा. पाया पडला आणि थेट हॉटेलात घेऊन गेला. जिलबी, समोसे, वर मलईचा चहा. आईने जिलबीचा एक तुकडा तोंडात टाकला आणि बशी सरकवली.

“आपल्याच लेकाकडं आपण पावणे कावून झालो?” ती हळूच मला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दादाने भिलाई दाखवली. सायकलरिक्षा करून, अगदी साहेबासारखी. आज तुम्ही गेलात तर झाडं, रुंद रस्ते, शाळा, सगळं हिरवंगार आहे. सेक्टर क्रमांकाने आहेत, त्यामुळे रस्ता चुकलो म्हणून रिक्षावाल्याने जास्त पैसे मागितले तर देऊ नका. तेव्हा मात्र लाल माती, चुन्याच्या रेघा, नुसते पाये आणि मध्येच अर्ध्या भिंती. लांब कारखान्याच्या चिमण्या. दादा हात लांब करून दाखवत होता, “हे दहा सेक्टर. इथं माझ्या विटा.”

एका अर्ध्या भिंतीवर एक बाई बादलीने पाणी मारत होती. आईने तिला विचारलं, गाव कोणतं. निघाली लाखनीची. मग काय, दोघी तिथेच उकिडव्या बसल्या.

“माया मालकाले कारखान्यात नोकरी लागली,” ती सांगत होती. “हे क्वार्टर झाले का आमालेच भेटन म्हणते. म्हणून मी पाणी मारतो त जरा जास्तच मारतो.”

आई हसली. रिक्षात बसताना तिने दादाला विचारलं, “भट्टा कधी दाखवतं?” दादा म्हणाला, तिथं धूळ आहे, ऊन आहे, तुम्ही थकाल. जन्मभर उन्हात चिखलात वाकलेल्या बाईला तो ऊन सांगत होता! माझी खात्रीच झाली. भट्टा दादाचा नाहीच, किंवा आहे आणि कुणी त्याला लुबाडतोय.

तिसऱ्या दिवशी आई सकाळीच चपला घालून दारात उभी. दादाला न्यावं लागलं.

भट्टा होता, खरा होता. कोंड्याचा धूर, ओळीने वाळत घातलेल्या कच्च्या विटा, वीसेक मजूर. मुकादम दुकालू नावाचा छत्तीसगढी माणूस होता. तो आम्हाला नमस्कार करून जो खाली बघत राहिला तो वर बघेचना. मी म्हटलं, सापडला. हाच चोर. मी त्याच्यावर जी नजर लावली ती हलवलीच नाही.

आणि म्हणूनच आई काय करते आहे हे मला दिसलं नाही.

ठेकेदाराचा ट्रक भरून तयार होता, ड्रायव्हर चहा पीत होता. कडेने एकेक वीट लालबुंद, वाजवली तर टणटण. आई चाकावर पाय देऊन वर चढली. घरी बियाणं घ्यायचं झालं तर ती पोत्याच्या तोंडाशी असलेलं धान कधी बघत नसे. कोपरापर्यंत हात आत खुपसून मधली मूठ काढायची, तीच चावून बघायची. इथे तिने वरचे दोन थर बाजूला केले, खांद्यापर्यंत हात घातला आणि मधली वीट ओढली. वीट पिवळी. तिने नखाने खरवडली, पीठ निघालं. दुसरी काढली. तीही पिवळी.

“हे कोणं भरलं गा?” तिने दुकालूला विचारलं.

दुकालूने पहिल्यांदा मान वर केली. “मालिक ला पूछ ले, दाई.”

मी दादाकडे पाहिलं. त्याचं तोंड उतरलं होतं. दुकालू त्याच्या वाट्याची लाज घेऊन उभा होता, आणि मी दोन तास त्याच्यावर डोळे वटारून होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आई, सगळेच करतेत,” दादा म्हणाला. “कडेले पक्क्या, मधात कच्च्या. भिताडात गेली, वरून प्लास्टर झालं, मंग कोण पाह्यते?”

“पाणी पाह्यते,” आई म्हणाली. “कालची ते लाखनीची बाई पाह्यते.”

ती ओरडली नाही. तिने लुगड्याचा ओचा खोचला आणि वरून एकेक वीट खाली द्यायला लागली. पक्की एका बाजूला, पिवळी एका बाजूला. आधी दुकालू पुढे आला, मग बाया आल्या. ड्रायव्हर शिव्या देत राहिला. शेवटी दादाने घड्याळ काढून खिशात टाकलं आणि तोही चढला. पिवळ्या विटा फोडून त्याच रस्त्यावर पसरल्या. पक्क्या खेपेपुरत्याही नव्हत्या, ट्रक रिकामाच गेला.

मी आतून खूश होते हो, खोटं कशाला बोलू! बांधी वाचली. असल्या पोराला कोण शेत विकून पैसे देईल?

जेवणं झाली आणि आई दादाला म्हणाली, “कागद काढ.”

“आई!” मी ओरडलेच. “आजचं सगळं पाहून तू अंगठा देणार?”

“देणार. बांधी आपोआप पिकली का वं? राखली म्हणून पिकली. पोरगा वाईट नाही माया. त्याच्यावर राखण नाही, इतकंच.” मग दादाकडे वळली. “पण मी इथंच राहीन. मी हात घातल्याबिगर तुया एक ट्रक नाही जायचा.”

दादा मान खाली घालून रडला. आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही. शाईची डबी मागितली.

मी चौथ्या दिवशी एकटी परतले. दुर्गच्या फलाटावर मी तिच्याशी बोलले नाही, इतका राग होता. पुढे काय झालं ते त्या भागातल्या जुन्या लोकांना विचारा. पहिल्या वर्षी दादाचं काम जवळजवळ बंद पडलं, ठेकेदार फिरकेनात. मग ज्यांना नोकऱ्या लागल्या ते स्वतःची घरं बांधायला लागले आणि लोक विचारत यायला लागले, ती बाई बसते तो भट्टा कुठला? दोनाचे चार भट्टे झाले, आता नातवंडांचा तिथे कारखाना आहे. पाहुणे आले की दादाच्या प्रामाणिकपणाची वाखाणणी होते. मी चहा पीत ऐकते.

पण मी घरी पोचले त्या दुपारचं सांगायचं राहिलं. घरी माझी आत्या असायची, वडिलांची विधवा बहीण. मी पाय धुवायच्या आधीच भडाभडा बोलले, आईने बांधी दिली, आई तिथेच राहिली, आता कसं करायचं.

आत्या सुपात धान पाखडत होती. तिने हात थांबवला नाही.

“बांधीचा शब्द त तिनं जाच्या आधीच घेणाऱ्याले देला होता, पोरी. तू मास्तरीण होयेपर्यंत त्यातलं धान घरी येईन, या बोलीवर. कोंबड्या मले देल्या, इळा देला. म्हणे, वन्सं, पत्र आयकूनच समजलं, नाम्या घसरून राहिला. आता मले वापस येता नाही येनार.”

“मग मला कशाला सोबत नेलं?”

“तू सोबत नसती त तुले वाटलं असतं, नाम्यानं फसवून ठेवून घेतलं. जन्मभर भावाशी बोलली नसती तू.”

मी ओट्यावर बसले. साऱ्या जगाचा संशय घेत मी भिलाईला जाऊन आले होते, आणि माझ्या शेजारी बसून भाकर खाणारी बाई घर सोडून निघाली आहे, हे मला गोंदियापासून दुर्गपर्यंत कळलं नव्हतं.