तांदळाचं मापटं अन् संडासाचा पाइप

नव्या रबराचा वास आला की मला नसरापूरचं ते नळाचं दुकान आठवतंय. आमच्या मालकांच्या अंगावरनं वारं गेल्यालं, उकिडवं बसता येत न्हवतं, म्हणून लेकानं भोरवरनं टेम्पोत खुर्चीचा संडास आणला, सिमेटात बसवला अन् कामावर पुण्याला गेला. म्या बादली वतली तर सगळं पाणी मागनं भुईवर आलं. संडासाचं तोंड अन् खड्ड्याकडं जाणारा पाइप यांच्यात जोडच न्हवता. मालक म्हणाले, "तू मला धरून रानात नेणार व्हय? त्यापरीस जेवतच न्हाई." अन् खरंच ते चतकोर भाकरीवर राहिले. तवा म्या पाइपाच्या तोंडात तांदळाचं मापटं घालून बघितलं, ते नेमकं बसलं. तेच पिशवीत घालून नसरापूर गाठलं. दुकानदार म्हणाला, "आजी, तांदूळ पलीकडं मिळत्यात." म्या म्हणलं, "पाइप मोजून आणलाय बाबा, याच्यायवढा जोड दे." त्यानं मापट्याला लावून लावून एक काळा रबरी जोड काढून दिला. घरी आल्यावर तो काय आत जाईना. साबण लावला, गुडघा टेकून दाबला, तवा बसला. परत बादली वतली, भुई कोरडी राहिली. मालक भिंत धरून जाऊन आले, चुलीपाशी टेकले अन् खाली बघत म्हणाले, "आज दोन भाकरी टाक." आता मालक न्हाईत. मापटं हाय, पर एकटीपुरता तांदूळ त्याच्या तळालाच राहतोय.