आडवं होऊन पाहायचा जिल्हा

अख्खा जालना जिल्हा आडवं पडून पाहिलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे आणि तो माझा थोरला मेहुणा आहे. बाकीची दुनिया प्रेक्षणीय स्थळं उभ्यानं पाहते, फोटो काढते, चपला शोधते आणि पुढच्या ठिकाणाकडे पळते. आमच्या मेहुण्यांच्या मते हे पाहणं नव्हे, ही नुसती हजेरी. "दाजी," ते मला सांगतात, "जिथं माणसाला पाठ टेकता येत न्हाई, ती जागा बघण्यासारखी कशी असंल?" मला या प्रश्नाचं उत्तर गेल्या वीस वर्षांत सापडलेलं नाही. मी एमआयडीसीतल्या लोखंडाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो, तिथं पाठ टेकण्याचा विषयच निघत नाही.

मेहुणे हसनाबादचे. तीन एकर रान, दहा-बारा शेळ्या आणि एक जुनी जीप, जी एके काळी काळी-पिवळी म्हणून जालन्याला माणसं वाहायची. त्यांच्या वडिलांची मेंढरं होती आणि मेहुण्यांचं सगळं लहानपण त्या मेंढरांच्या मागं चालण्यात गेलं. दुपारी कळप जिथं बसेल तिथं माणसांनीही पडायचं, असा त्यांचा शिरस्ता. कळप काही कुठंही बसत नाही. त्याला पाणी जवळ लागतं, सावली दाट लागते आणि वारा अंगावर लागतो. त्यामुळे जिल्ह्यातलं एकूण एक देऊळ, बारव, तळं आणि गडाची पडकी भिंत मेहुण्यांना ठाऊक झाली ती इतिहासाच्या पुस्तकातून नव्हे, मेंढरांच्या पसंतीनं. मेंढरं गेली, पण पसंती राहिली. आजही जीपच्या मागच्या सीटखाली दोन घोंगड्या असतात, एक पुरुषांची आणि एक बायकांची. पाहुणा कलेक्टर असो की कांद्याचा व्यापारी, स्थळ पाहायचं म्हणजे आधी घोंगडी अंथरली जाते.

जागेची प्रत ते डुलक्यांत मोजतात. अंबडच्या मत्स्योदरी देवीचा डोंगर अर्ध्या डुलकीचा, कारण वारा फर्मास असला तरी डोळा लागला की कुणीतरी येऊन घंटा वाजवतं. रोहिलागड एका डुलकीचा, तीही कुशीवर, पाठीला दगड टोचतात. जांबसमर्थ दीड. घाणेवाडीचा तलाव हिवाळ्यात बरोबर दोन. आणि सगळ्यांत वर अन्व्याचं महादेवाचं देऊळ, अडीच डुलक्यांचं. त्या देवळाच्या दगडी मंडपात भर उन्हातही फरशी गार असते आणि छताचं कोरीवकाम तर आडवं झाल्याशिवाय दिसतच नाही. "ज्यानं घडवलं त्यानं बी वर बघतच घडवलं असंल ना? मंग आपुन मान मोडून कायला बघायचं?" हे त्यांचं म्हणणं मला तेव्हा चावट वाटलं होतं. एकदा त्यांच्या शेजारी तिथं पडलो आणि तो शब्द परत घेतला.

आमच्या कारखान्यात मशीन बसवायला पुण्याहून एक इंजिनीअर आले होते. रविवारी त्यांना वेरूळला जायचं होतं. मी चूक केली, गाडीसाठी मेहुण्यांना फोन केला. वेरूळ पश्चिमेला आणि जीप निघाली उत्तरेला, भोकरदनच्या रस्त्यानं. साहेबांनी दोनदा मोबाईलवर नकाशा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर पाहिलं. अन्व्याला पोचल्यावर साहेब म्हणाले, मी झोपायला आलेलो नाही. मेहुणे म्हणाले, "झोपू नका, बिलकुल झोपू नका, फक्त आडवे व्हा." साहेब आडवे झाले ते दोन तासांनी उठले. उठल्यावर पहिली पाच मिनिटं त्यांना आपण कुठल्या गावी आहोत हे आठवेना आणि ते इतके खूश होते की कुणाला विचारतही नव्हते. अजून दर दिवाळीला त्यांचा मला फोन येतो. माझी चौकशी एका वाक्यात उरकून ते त्या फरशीची चौकशी करतात.

वेरूळ पाहिलंच नाही असं नाही. मीच हट्टानं एकदा मेहुण्यांना घेऊन गेलो होतो. कैलास लेण्यासमोर ते बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, जिंकलो. एवढ्यात त्यांनी काखेतली घोंगडी झटकली आणि पहारेकऱ्याची शिट्टी वाजली. परतताना जीपमध्ये ते एवढंच बोलले, "माल एक नंबर हाय दाजी. पण टेकू देत न्हाईत."

आता असा माणूस पाहुण्यारावळ्यांना बरा, पण त्याच्या घरात लग्नाची मुलगी असली म्हणजे काय होतं ते ऐका. त्यांची एकुलती एक लेक रेणुका, आमची रेणू. शेतकी पदवीधर, जालन्यात बियाण्यांच्या एका प्लांटवर तपासणीच्या कामाला, आणि नोकरीसाठी चार वर्षं आमच्याच घरी राहिलेली. आत्याचा नवरा म्हणून ती मला मामा म्हणते. तिला पाहायला येणारे पाहुणे हसनाबादला पोचायचेच नाहीत. आणायला मेहुणे जायचे ना! पहिल्या सोयरिकीचे लोक रोहिलागडावर काटा मोडून परत गेले. दुसऱ्यांना जांबसमर्थात मुलाच्या चुलत्याची गोळ्यांची वेळ टळली आणि त्यांनी तिथूनच गाडी फिरवली. दोन्ही वेळा पोहे शेजारपाजाऱ्यांनी खाल्ले. तिसऱ्या वेळी मुलगा गोदावरीपलीकडचा, गेवराईच्या बाजूचा, एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला. रेणू त्याच्याशी फोनवर दोन-तीनदा बोलली होती. आदल्या दिवशी ती माझ्यापाशी आली आणि खाली मान घालून म्हणाली, "मामा, या टायमाला आबांना सांभाळा. मला पसंत हाय तो." एवढ्या चार शब्दांसाठी तिनं सबंध संध्याकाळ घेतली होती, म्हणून मी छातीवर हात ठेवून सांगितलं, पाहुणे अकराच्या आत घरी. वहिनींनीही नवऱ्याला दम भरला होता, "सरळ घरी आणा. वाटंत देव जरी उभा राह्यला तरी जीप थांबवू नका."

मी आणि माझी बायको मेहुण्यांच्या जीपमधून अंबडला सामोरे गेलो. पाहुणे तिघंच होते. कडक इस्त्रीतले वडील, अंगावर पदर घट्ट ओढून घेतलेली आई आणि गाडी चालवणारा मुलगा. गाळपाचा हंगाम चालू, मुलगा रात्रपाळी करून तसाच स्टेअरिंगवर बसलेला. त्याचे लाल डोळे पाहून मेहुण्यांनी त्यांची गाडी ओळखीच्या दुकानासमोर लावायला सांगितली आणि तिघांना जीपमध्ये घेतलं. इथवर सगळं रास्त होतं. मग जीप देवीच्या डोंगराकडे वळली. मी त्यांच्या गुडघ्याला चिमटा काढला, तर म्हणतात, "देवीचं दर्शन नगं? शुभकार्य हाय." दर्शनाला नाही कोण म्हणणार! तिथं अर्धी डुलकी झाली, म्हणजे मेहुण्यांची झाली, आम्ही उभे. मग बारव झाली. मुलाचे वडील दर ठिकाणी घड्याळ पाहून "झालं का?" विचारत. जालना ओलांडताना तर ते माझ्या कानाला लागले, "मुलगी घरी हाये ना पण नक्की?" वहिनींचे फोन येत होते आणि मेहुणे प्रत्येक फोनला एकच उत्तर देत होते, "हे काय, आलोच." पोह्यांची पहिली खेप एव्हाना वाया गेली होती.

घाणेवाडीच्या तलावापाशी जीप थांबली तेव्हा मी खरोखर चिडलो. बाजूला घेऊन त्यांना म्हणालो, अहो, पोरीनं माझ्याकडून शब्द घेतलाय, ही सोयरीकही घालवायची आहे का तुम्हाला? ते ओशाळले, पण हात घोंगडीवरच. "धाच मिन्टं, दाजी. ते पोरगं बसल्या बसल्या डोकं आपटून घेऊन राह्यलं." कडुलिंबाच्या अलीकडे पुरुषांची घोंगडी पडली, पलीकडे थोडं लांब बायकांची. तलावावर थंडीतली परदेशी पाखरं उतरलेली, ऊन कोवळं. मुलगा आडवा झाला आणि दुसऱ्या मिनिटाला घोरायला लागला. होणाऱ्या सासऱ्याच्या घोंगडीवर, बापाच्या देखत, तोंड उघडं टाकून. वडील दगडावर ताठ बसून होते, लाजेनं त्यांचे कान तांबडे झाले. मी मनातल्या मनात रेणूची माफी मागितली.

पलीकडे काय झालं ते मला बायकोनं नंतर सांगितलं. मुलाची आई आधी नको नको म्हणत होती, मग बायकोच्या आग्रहानं टेकली. पदर तोंडावर घेतला. थोड्या वेळानं तो बाजूला केला आणि लिंबाच्या पानांतून वर बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, लग्न झाल्यापासून दुपारची पाठ टेकली न्हवती मी. बाळंतपणं सोडली तर." बायको म्हणाली, "आमच्या दादाचं असंच हाय. घरात बी दुपारी वहिनी पडली की कुणाला हाक मारू देत न्हाई. एकदा गिरणीवाला दळणाचं विचारायला आल्ता, तर त्याला दारातून परत धाडला." त्या बाईंनी हात उशाला घेतला. इकडून नवऱ्यानं आवाज दिला, चला, उशीर झाला. तेव्हा झाडापलीकडून उत्तर आलं, "उशीर व्हायचा तेवढा झालाय. थांबा जरा." असं उत्तर त्या गृहस्थांना पहिल्यांदाच मिळालं असावं, कारण ते उठलेले परत दगडावर बसले.

हसनाबादला पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते आणि पोह्यांची तिसरी खेप चुलीवर होती. वहिनींनी नवऱ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्या नजरेनं दुसरा माणूस गाव सोडून गेला असता. रेणू चहा घेऊन आली. झोप झाल्यामुळे मुलगा ताजातवाना होता, चार वाक्यं नीट बोलला. वडिलांनी पगार, सुट्ट्या, पुढचं शिक्षण असं रीतसर सगळं विचारलं. आईनं मात्र एकच विचारलं, "दुपारी झोपतीस का गं?" वहिनींनी 'छे छे' म्हणायला तोंड उघडलंच होतं, पण रेणू बापावर गेलेली. म्हणाली, "सुट्टी असली की झोपते." बाई हसल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आपली पसंती हाय." घरी जाऊन फोननं कळवायची रीत असते, असं ते पुटपुटले, तर म्हणाल्या, "फोनचा खर्चा कायला?" मला हसावं की रडावं कळेना. मी चक्क रडलो आणि मिरचीचं निमित्त केलं.

रात्री मेहुण्यांना विचारलं, जमलं नसतं तर? ते म्हणाले, "पोरगं घोरलं तवाच मला बराबर कळलं होतं. परक्याच्या घोंगडीवर ज्याचा डोळा लागतो, त्याच्या पोटात काय वाकडं नसतंय." हे ज्ञान त्यांना आधी होतं की नंतर सुचलं, देव जाणे. पण त्या दिवसापासून मी त्यांच्या जीपच्या दिशेवर बोलणं सोडलं.

उन्हाळ्यात लग्न झालं. पाठवणीच्या जीपच्या स्टेअरिंगवर मेहुणेच बसले आणि हसनाबाद ते शहागडचा गोदावरीवरचा पूल, कुठंही न थांबता गेले. मी मागच्या गाडीत होतो. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता थांबतील. नाही थांबले. पूल ओलांडून लेकीला सासरी पोचवलं आणि तशीच जीप परत फिरवली.

परवा ते पहिल्यांदा तिच्याकडे जाऊन आले आणि परस्पर आमच्याकडे उतरले. रेणू छान आहे, वजन वाढलंय, विहीणबाईंनी दुपारी मुद्दाम सतरंजी अंथरली होती. "मंग? झोपला की न्हाई?" मी विचारलं. "न्हाई. च्या घेतला अन् निघालो. लेकीच्या घरी बापानं किती टेकावं, दाजी? अन् नुसतं लेकीकडं तरी किती येळा जावं? लोक काय म्हणतील?" थोडा वेळ त्यांनी बशीत फुंकर मारली. मग म्हणाले, "जरा मोबाईलमधी बघा बरं, नदीच्या पल्याड बघण्यासारखं काय काय हाय."

या माणसानं आजवर कुणाला असं विचारलेलं नव्हतं. मी फोन काढला आणि एकेक नाव वाचायला लागलो. राक्षसभुवन, कपिलधारचा धबधबा, बीडचं पाण्यातलं देऊळ, नायगावचे मोर, धारूरचा किल्ला, परळी. तिथं पाणी आहे का, हे त्यांनी विचारलं नाही. सावली आहे का, हेही विचारलं नाही. प्रत्येक नावाला त्यांनी मला एकच विचारलं, "तिथून रेणूचं गाव किती लांब हाय?"